वेग ६५, कूलंट २५, आरपीएम ४१६३: ओबीडीचे आकडे पुन्हा पुन्हा का बिघडतात

गाडीच्या ओबीडी सॉकेटमधून तिचा संगणक चालू माहिती बाहेर देतो. ती वाचणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच छापाची असते. त्या सॉकेटात लावलेलं स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल, लॅपटॉपवर स्वतः लिहिलेला छोटा पायथॉन प्रोग्रॅम, आणि आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान असे चार-पाच आकडे छान येतायत. मग कधीतरी ते बिनसतात. कधी एकाच आकड्यावर अडकून बसतात, कधी भर उन्हाळ्यात कूलंट उणे २८ अंश दाखवतात, कधी नुसतंच ‘नो डेटा’. डोंगल काढून परत लावलं की सगळं ठीक होतं, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

यावर मिळणारे सल्लेही ठरलेले: सेन्सर बदला, ईसीयू (गाडीचा संगणक) दाखवून घ्या, महागडं डोंगल घ्या. यातलं काहीही करण्याआधी एक काम करा. प्रोग्रॅममध्ये आकडा काढण्याच्या आधीची, डोंगलकडून जशी आली तशी ओळ वेळेसकट फाइलमध्ये लिहून ठेवा, आणि आपण पाठवलेली ओळही. ईसीयू सहसा बरोबरच बोलत असतो. घोळ मधल्या डोंगलपाशी किंवा आपल्या वाचण्यात होतो, आणि तो कच्च्या ओळीत उघडा दिसतो. आकडा काढून झाल्यावर पुरावा उरत नाही.

(या लेखात हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकलेखनातली, अक्षरं ए, बी, सी, डी, ई, एफ अशी लिहिली आहेत आणि डोंगलच्या आज्ञाही देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन.)

ओळ कशी वाचायची ते पटकन बघू. आरपीएमसाठी आपण ०१ ०सी पाठवतो. ०१ म्हणजे ‘चालू माहिती दे’ ही सेवा आणि ०सी हा आरपीएमचा पीआयडी, म्हणजे त्या माहितीचा ठरलेला क्रमांक. उत्तर असं येतं:

४१ ०सी १ए एफ८

सेवेच्या क्रमांकात हेक्सचे ४० मिळवून ४१ होतात, म्हणजे ‘०१ चं उत्तर’. पुढे आपण विचारलेला पीआयडी, आणि त्यानंतर खरी माहिती. १ए म्हणजे २६, एफ८ म्हणजे २४८. २६ गुणिले २५६ अधिक २४८ बरोबर ६९०४, भागिले ४, आरपीएम १७२६. वेगाचा पीआयडी ०डी: एकच बाइट (हेक्सची दोन अक्षरं), तोच ताशी किलोमीटर. कूलंटचा ०५: एक बाइट, त्यातून ४० वजा. ही सूत्रं प्रमाणित आहेत, गाडीगणिक बदलत नाहीत. त्यामुळे मूलभूत पीआयडीचा आकडा चुकतोय म्हणून सूत्रात फेरफार करत बसू नका. ‘माझ्या गाडीला ४० ऐवजी ६५ वजा करावे लागतात’ असं कुणी सांगितलं तर समजायचं की तो भलताच बाइट वाचतोय.

आकडे गोठले असतील तर

शीर्षकातले तीन आकडे उगाच दिलेले नाहीत. वेग ६५, कूलंट २५ आणि आरपीएम ४१६३, तिन्ही जागच्या जागी थिजलेले, ही एकाच बिघाडाची खूण आहे.

डोंगल सुरू होतं तेव्हा त्याचं ‘एको’ चालू असतं, म्हणजे आपण पाठवलेली आज्ञा ते आधी जशीच्या तशी परत पाठवतं आणि मग उत्तर देतं. बहुतेक प्रोग्रॅम सुरुवातीला एटी ई० पाठवून एको बंद करतात, मग उत्तरातल्या मोकळ्या जागा आणि ओळी काढून टाकतात आणि पहिली चार अक्षरं सोडून पुढचं वाचतात. एको बंद असताना ‘४१०सी०सी८०’ येतं, चार सोडली की ‘०सी८०’ उरतं, म्हणजे ८०० आरपीएम. बरोबर.

आता डोंगल मध्येच रीसेट झालं. एको परत चालू झाला, प्रोग्रॅमला त्याचा पत्ता नाही. येणारी ओळ आहे ‘०१०सी४१०सी०सी८०’. चार सोडली की हाताला लागतं ‘४१०सी’. हेक्स ४१०सी म्हणजे १६६५२, भागिले ४, ४१६३. इंजिन काहीही करत असो, उत्तर तेच. वेगाच्या वेळी त्याच जागी ४१ सापडतो, म्हणजे ६५. कूलंटला ६५ वजा ४०, म्हणजे २५. यातला कूलंटचा आकडा सगळ्यात फसवा. २५ अंश हे थंड इंजिनाचं अगदी खरं वाटणारं तापमान आहे, म्हणून तिकडे कुणाचं लक्षच जात नाही, आणि मग थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय का यावर चर्चा सुरू होते.

डोंगल रीसेट का होतं? सगळ्यात मोठं कारण स्टार्टर. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर थेट बॅटरीचा पुरवठा असतो. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू झालं की अल्टरनेटरमुळे १४ च्या आसपास. पण सेल्फ मारला की त्या क्षणी व्होल्टेज धाडकन खाली येतं, आणि बॅटरी जुनी असेल तर चांगलंच खाली. स्वस्त डोंगलला एवढं पुरतं. म्हणून चावी नुसती ‘ऑन’ ठेवून चाचणी घेतली तेव्हा सगळं चाललं, आणि गाडी सुरू केली की बिघडलं. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांमध्येही सुरू होण्याचा क्षण बघा. दुसरं कारण ढिलं सॉकेट. आपल्याकडच्या रस्त्यांवर एक सणसणीत खड्डा डोंगलचा संपर्क क्षणभर तोडायला पुरेसा असतो.

खात्री करायला लॉगमध्ये ‘ईएलएम३२७’ ही अक्षरं शोधा. डोंगल जागं होताना स्वतःचं नाव सांगतं. प्रवासाच्या मधोमध ते नाव दिसलं, तर दुसरं काही शोधायची गरज नाही. शिवाय दर मिनिटाला एटी आरव्ही पाठवून व्होल्टेज नोंदवत राहा. बॅटरीची तब्येतही कळते, हा फुकटचा फायदा.

उपाय दोन पातळ्यांवर करायचा. एक, सुरुवातीच्या सगळ्या आज्ञा (एटी ई०, एटी एल०, एटी एच१ आणि प्रोटोकॉलची) एका फंक्शनमध्ये ठेवा. डोंगलचं नाव किंवा आपल्याच आज्ञेचा एको दिसला की ते फंक्शन पुन्हा चालवा. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, अक्षरं मोजून वाचणं सोडून द्या. ओळ आधी बाइटमध्ये तोडा, ४१ आणि आपण विचारलेला पीआयडी लागोपाठ आहेत का ते तपासा, नसतील तर ओळ फेकून द्या. एखादा आकडा कमी आला तर बिघडत नाही. चुकीचा आकडा आलेखात शिरला की तो बाहेर काढणं जिकिरीचं.

उणे २८ अंश

इथे आकडे हलतात, पण एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. ८०० आरपीएमचं उत्तर ‘४१ ०सी ०सी ८०’. हे उत्तर कूलंटचं समजून वाचलं तर तिसरा बाइट ०सी, म्हणजे १२, वजा ४०, उणे २८. तेच वेगाचं समजून वाचलं तर गाडी उभी असताना ताशी १२ किलोमीटर. ॲक्सिलरेटर दाबून ३००० आरपीएमला नेलं तर तोच तिसरा बाइट २ई होतो आणि वेग ४६ दिसतो. म्हणून उभ्या गाडीत रेस दिल्यावर वेग वाढत असेल, तर आरपीएमला ६४ ने भागून बघा. जुळलं की निदान झालं: उत्तरं एका घराने सरकली आहेत. मागच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या प्रश्नाला चिकटतंय.

याचं मूळ प्रोग्रॅममधल्या एका ओळीत असतं: आज्ञा पाठव, शंभर मिलिसेकंद थांब, जे आलंय ते वाच. शंभर मिलिसेकंद कधी पुरतात, कधी नाही. के-लाइन या जुन्या संपर्क-तारेच्या गाड्यांत तर उत्तर यायला नेहमीच जास्त वेळ लागतो, कारण ती लाइन सेकंदाला १०४०० बिटांवर चालते आणि कॅन ही नंतरची पद्धत ५०० किलोबिटवर. ईसीयूही कधी कधी ‘७एफ’ ने सुरू होणारं आणि ७८ ने संपणारं उत्तर देतो. त्याचा अर्थ ‘थांब, देतोय’ असा. त्याला नकार समजून पुढचा प्रश्न टाकला की रांग बिघडते.

डोंगल प्रत्येक उत्तर संपल्यावर एक ‘>’ चिन्ह पाठवतं. ते दिसेपर्यंत वाचत राहायचं आणि तोवर एक अक्षरही पाठवायचं नाही. वेळेची मर्यादा ठेवा, पण ती दोन-तीन सेकंदांची, केवळ अडकून पडू नये म्हणून. लॉगमध्ये ‘स्टॉप्ड’ हा शब्द येत असेल तर तो गाडीचा बिघाड नाही. डोंगल कामात असताना आपण पुढचं अक्षर पाठवलं म्हणून त्याने हातातलं काम टाकून दिलं, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक आज्ञेआधी बफर (न वाचलेली अक्षरं साठतात ती जागा) रिकामा करायचा सल्लाही फिरत असतो. त्याने लक्षण झाकतं, उशिरा आलेलं उत्तर तरीही पुढच्या प्रश्नाच्या पदरात पडू शकतं.

‘मग आकडे सावकाश येतात’ ही तक्रार येईलच. कॅनच्या गाडीत आज्ञेच्या शेवटी अपेक्षित उत्तरांची संख्या लावा. ०१०सी ऐवजी ०१०सी१ पाठवलं की डोंगल एक उत्तर मिळताच मोकळं होतं, आणखी कुणी बोलतंय का याची वाट बघत नाही. सरसकट थांबण्यापेक्षा हे कितीतरी चपळ.

एक गमतीशीर बग आयडलिंगलाच का येतो

आरपीएम चालताना बरोबर, पण गाडी उभी राहून इंजिन संथ झालं की आकडा कोसळतो किंवा प्रोग्रॅम मरतो. थ्रॉटल बॉडी साफ करून घेण्याआधी कोड बघा. ओळ ‘०सी’ वर तोडून त्यापुढचं घेतलं असेल, तर ७६८ ते ८३१ आरपीएमच्या पट्ट्यात माहितीचा पहिला बाइटही ०सी च असतो. त्यामुळे ओळ दोन ठिकाणी तुटते. गरम झालेल्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांचं आयडलिंग नेमकं याच पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर असतं, म्हणून बग येतो-जातो आणि सेन्सरचाच भास होतो.

एकाच प्रश्नाला दोन उत्तरं

कॅनवर आपला प्रश्न ७डीएफ या पत्त्यावर जातो, म्हणजे सगळ्यांसाठी. इंजिनचा ईसीयू ७ई८ वरून उत्तर देतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचा ईसीयू बहुधा ७ई९ वरून. दोघांनी वेगाचं उत्तर दिलं आणि हेडर (ओळीच्या सुरुवातीला येणारा पत्ता) बंद असतील, तर दोन सारख्या दिसणाऱ्या ओळी येतात आणि कुठली कुणाची ते कळत नाही. वर सांगितलेला शेवटचा १ इथे उलटूही शकतो, कारण पहिला बोलणारा प्रत्येक वेळी इंजिनच असेल असं नाही. एटी एच१ ने हेडर कायम चालू ठेवा. मग ओळ अशी दिसते:

७ई८ ०४ ४१ ०सी ०सी ८०

०४ म्हणजे पुढे कामाचे चार बाइट आहेत. ७ई८ नसलेल्या ओळी बाजूला टाका, किंवा प्रश्नच एटी एसएच ७ई० लावून फक्त इंजिनला विचारा.

‘नो डेटा’

हे उत्तर ऐकून लोक सगळ्यात जास्त घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की ठरलेल्या वेळात कुणी बोललं नाही. चावी ऑन आहे ना, हे आधी बघा. मग गाडीला तो पीआयडी ठाऊक आहे का ते तिलाच विचारा: ०१ ०० पाठवा. समजा उत्तर आलं,

४१ ०० बीई ३ई ए८ १३

हे चार बाइट म्हणजे ०१ ते २० (हेक्स) या ३२ पीआयडींची हजेरी. बीई चे बिट १०१११११०: म्हणजे ०१ आहे, ०२ नाही, ०३ ते ०७ आहेत, ०८ नाही. ३ई म्हणजे ००१११११०: ०९ आणि ०ए नाहीत, ०बी ते ०एफ आहेत, १० नाही. १० म्हणजे हवेच्या प्रवाहाचा, एमएएफचा पीआयडी. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांना तो सेन्सरच नसतो. त्या मॅनिफोल्डचा दाब, ०बी, वापरून हवेचा हिशोब करतात. अशा गाडीत ॲव्हरेज काढणारा प्रोग्रॅम १० विचारत राहतो आणि ‘नो डेटा’ मिळवत राहतो. शेवटच्या १३ चा शेवटचा बिट १ आहे, म्हणजे पुढचा गट ०१ २० ने विचारता येईल.

कशालाच उत्तर नसेल तर प्रोटोकॉल बघा. एटी एसपी० वर ठेवलं की डोंगल स्वतः शोधतं, पण पहिल्या उत्तराआधी ‘सर्चिंग’ छापतं आणि वेळ खातं. एकदा जुळलं की एटी डीपीएन विचारा. ए६ आलं तर ए म्हणजे आपोआप सापडलेला, ६ म्हणजे ११ बिटांचा ५०० किलोबिटचा कॅन. मग कायमचं एटी एसपी६ लावून टाका. गाडीचं वयही मोजा. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या गाड्यांना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून लागू झालं. त्याआधीच्या काही गाड्यांत सोळा पिनांचं सॉकेट दिसतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. अमेरिकेत जुनी गाडी घेतलेल्या मंडळींना हा प्रश्न कमी येतो, तिथे ओबीडी-२ १९९६ पासून आणि कॅन २००८ पासून सक्तीचा आहे.

लांब उत्तरं आणि कंपनीची खासगी माहिती

चॅसिस नंबर म्हणजे व्हीआयएन विचारायला ०९ ०२. तो १७ अक्षरांचा, कॅनच्या एका फ्रेममध्ये (एका वेळच्या निरोपात) मावत नाही, म्हणून तीन तुकडे येतात. पहिल्याची सुरुवात १० १४, पुढच्यांची २१ आणि २२. हेक्स १४ म्हणजे वीस बाइट: ४९ ०२ ०१ हे तीन आणि १७ अक्षरं. जोडताना प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीचा क्रमांक काढायचा राहिला की मध्येच एक ‘!’ आणि एक ‘"’ उगवतात, कारण आस्की या अक्षरांच्या संकेतांकांच्या तक्त्यात २१ आणि २२ म्हणजे हीच चिन्हं. मारुती सुझुकीचा नंबर एमए३ ने सुरू होतो, बाइटमध्ये ४डी ४१ ३३. ओळीत कुठेही ४१ शोधणारा प्रोग्रॅम इथे ‘ए’ या अक्षराला उत्तराची सुरुवात समजतो.

कंपनीची स्वतःची माहिती (डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुराच्या गाळणीतली काजळी, गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान वगैरे) बहुधा २२ या सेवेखाली असते, दोन बाइटांच्या क्रमांकाने. इथे सूत्रं कुणी देत नाही, शोधावी लागतात, आणि खरी मजा इथेच आहे. २२ एफ१ ९० ने सुरुवात करा. ते व्हीआयएन देतं, उत्तर आधीच माहीत असल्यामुळे जोडणी तपासून होते. मग एखादा अनोळखी क्रमांक घेऊन एका वेळी एकच गोष्ट बदला. तापमानाचा संशय असेल तर रात्रभर उभ्या गाडीत पहिलं उत्तर घ्या. तेव्हा कूलंट, आत येणारी हवा आणि तेल जवळपास एकाच तापमानाला असतात, त्यामुळे किती वजा करायचे ते लगेच कळतं. इंजिन तापल्यावर दुसरा बिंदू मिळतो आणि गुणक निघतो. आकडा ६५५२६ सारखा आला तर तो ऋण असेल: एफएफएफ६ म्हणजे उणे १०. स्टिअरिंगचा कोन किंवा बॅटरीचा प्रवाह यांत हे हमखास भेटतं.

७एफ २२ ३१ आलं तर तो क्रमांक नाही. ३३ आलं तर कुलूप आहे, तिथून परत फिरा. आणि अंदाजाने सेवा चाळायला जाऊ नका. ०४ चेक इंजिनचे कोड पुसतं, ११ ईसीयू रीसेट करतं, २८ त्याचं बोलणं बंद करू शकतं, २ई आत लिहितं, ३१ एखादी क्रिया सुरू करतं. ‘एकेक करून सगळे आकडे पाठवून बघू’ हा उद्योग फक्त २२ च्या आत, उभ्या गाडीत, हँडब्रेक लावून. चालत्या गाडीत फक्त ०१.

तरीही जमत नसेल

मग डोंगलवर संशय घ्या. मूळ ईएलएम३२७ ही चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. तिच्या पहिल्या आवृत्तीला नक्कलरोधक संरक्षण नव्हतं आणि बाजार नकलांनी भरला. ती कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. त्यामुळे डोंगलने सांगितलेल्या आवृत्तीवर विश्वास ठेवायचं कारण नाही. एटी पीपीएस, एटी सीआरए ७ई८, एटी एफसी एसएच ७ई० अशा थोड्या आडवळणाच्या आज्ञा देऊन बघा. ‘?’ आलं तर त्या नकलेत त्या नाहीत. साध्या ०१ च्या कामाला तरीही चालेल. २२ ची लांब उत्तरं मात्र तिच्यावर मिळतील या आशेवर राहू नका.

शेवटी मल्टीमीटर. गाडी पूर्ण बंद करून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, डोंगल काढा, आणि सॉकेटच्या ६ आणि १४ या पिनांमध्ये रोध मोजा. कॅनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध समांतर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टोक तुटलेलं असू शकतं आणि इलेक्ट्रिशियनला दाखवण्यासारखं काहीतरी हाती लागलं. शून्याजवळ आलं तर तारा एकमेकींना लागल्या आहेत. पण बऱ्याच नव्या गाड्यांत सॉकेट आणि इंजिनच्या कॅनच्या तारा यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे निवडक निरोपच पुढे सोडणारा डबा, बसवलेला असतो. तिथे हा आकडा गेटवेच्या अलीकडचाच असतो, आणि एटी एमए लावून कान देऊन बसलात तरी काही ऐकू येणार नाही. त्या शांततेचा अर्थ बिघाड असा लावू नका. ०१ ०० ला ७ई८ उत्तर देतोय ना, ते बघा.